विश्लेषण : संकेतस्थळ म्हणते ‘ईमेल पाठवला’, मग तो जातो कुठे?

समजा, एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. रत्नागिरीतील एका आंबा बागायतदाराने यंदा प्रथमच स्वतःच्या संकेतस्थळावरून हापूसच्या पेट्या विकायला सुरुवात केली आहे. पुण्यातील एका ग्राहकाने दोन पेट्यांचे पैसे यूपीआयने भरले. पडद्यावर ‘मागणी नोंदवली, तपशील ईमेलने पाठवला आहे’ अशी ओळ उमटली. ईमेल मात्र आला नाही. दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन आला, ‘दादा, पैसे गेले, पावती नाही, पेटी कधी येणार तेही कळत नाही. हा काय प्रकार आहे?’ बागायतदाराने तपासले तर त्याच्याकडे ईमेल ‘पाठवला’ अशीच नोंद. दोघेही खरे बोलत होते. ईमेल ग्राहकाच्या ‘स्पॅम’ कप्प्यात पडून होता.

शाळेच्या प्रवेश अर्जाची पोच, गृहनिर्माण संस्थेच्या सभेची सूचना, पासवर्ड बदलण्याची लिंक, ओटीपी अशा अनेक ईमेलची हीच गत होते. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून, तर मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून ईमेल स्वीकारण्याचे नियम कडक केल्यावर छोट्या संकेतस्थळांना याचा फटका अधिक जाणवू लागला. संकेतस्थळावरून निघालेला ईमेल भरवशाने पोहोचावा यासाठी नेमके काय करावे लागते, याचा हा आढावा.

‘पाठवला’ म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळाच्या दृष्टीने ‘पाठवला’ याचा अर्थ ‘पुढच्या सर्व्हरकडे सोपवला’ एवढाच असतो. पत्र टपालपेटीत टाकले म्हणजे ते घरपोच झाले असे नव्हे, तसेच हे आहे. एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे ईमेल जातो तो एसएमटीपी या नियमावलीनुसार. पाठवणारा सर्व्हर आपले नाव सांगतो, ईमेल कोणाकडून व कोणासाठी आहे ते सांगतो आणि मग मजकूर देतो. घेणारा सर्व्हर प्रत्येक टप्प्यावर तीन आकडी उत्तर देतो. २५० म्हणजे ‘स्वीकारले’. ४ या आकड्याने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने पुन्हा या’. ५ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘हा ईमेल घेणार नाही’.

यातील प्रत्येक उत्तराचा परिणाम वेगळा. ‘पुन्हा या’ असे उत्तर आले तर नीट बसवलेला सर्व्हर ईमेल रांगेत ठेवतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. अनोळखी सर्व्हरला मुद्दाम एकदा परत पाठवून तो पुन्हा येतो का, हे पाहण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पावतीला अर्धा तास उशीर झाला तर फारसे बिघडत नाही. पण दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी अर्ध्या तासाने आला तर त्याचा उपयोग शून्य. ‘घेणार नाही’ हे उत्तर आले तर तसे कळवणारा ईमेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत येतो. छोट्या संकेतस्थळांत हा पत्ता बऱ्याचदा होस्टिंग खात्याने आपोआप दिलेला असतो आणि तो कोणी उघडून पाहत नाही. म्हणजे नकार कळवला जातो, पण वाचला जात नाही.

२५० हे उत्तर मिळाले तरी काम संपत नाही. स्वीकारलेला ईमेल मुख्य कप्प्यात ठेवायचा की स्पॅममध्ये, हे घेणारी कंपनी त्यानंतर ठरवते आणि पाठवणाऱ्याला ते सांगत नाही. बागायतदाराच्या बाबतीत नेमके हेच घडले.

मूळ दोष कुठे आहे?

एसएमटीपीचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी लिहिला आणि तो ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा नेटवर्कवर प्रामुख्याने विद्यापीठे, संशोधन संस्था आणि संरक्षण खात्याशी संबंधित मंडळी होती. पाठवणारा खरा आहे का, हे तपासण्याची गरज त्या वेळी वाटली नाही. खरे तर धोक्याची खूण त्याआधीच दिसली होती. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील शेकडो जणांना एकगठ्ठा पाठवली. तो पहिला स्पॅम मानला जातो.

एसएमटीपीत ईमेलला दोन पत्ते असतात. एक लिफाफ्यावरचा, तो सर्व्हर एकमेकांना सांगतात आणि ईमेल परत येण्यासाठी वापरतात. दुसरा आतल्या पत्रावरचा. तोच वाचणाऱ्याला ‘प्रेषक’ म्हणून दिसतो. मूळ नियमावलीनुसार या दोन्ही जागी काहीही लिहिता येते आणि दोन्ही पत्ते सारखे असलेच पाहिजेत असेही नाही. एखाद्या बँकेच्या नावाने कोणीही ईमेल पाठवू शकतो, तो याच मोकळीकीमुळे. पुढे आलेल्या सगळ्या तपासण्या ही जुनी उणीव भरून काढण्यासाठीच आहेत. त्यामुळे प्रामाणिक पाठवणाऱ्यालाही आता आपण प्रामाणिक असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

साध्या होस्टिंगवरून गेलेला ईमेल संशयास्पद का ठरतो?

बहुतेक छोटी संकेतस्थळे वर्डप्रेससारख्या प्रणालीवर आणि शेअर्ड होस्टिंगवर चालतात. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे असतात. वर्डप्रेसला वेगळे काही सांगितले नाही, तर ते त्याच सर्व्हरवरील पीएचपीच्या अंगभूत मेल सुविधेकडे ईमेल सोपवते. प्रेषक म्हणून ‘वर्डप्रेस’ हे नाव आणि पुढे संकेतस्थळाचे डोमेन, असा पत्ता लागतो. तो ईमेल खरोखर त्या डोमेनच्या मालकाने पाठवला, याचा पुरावा त्यासोबत बहुधा नसतो.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. एका सर्व्हरवरील शेकडो संकेतस्थळांचा ईमेल एकाच आयपी पत्त्यावरून जातो. त्यातील एखादे हॅक होऊन त्यावरून स्पॅम सुटला, तर तो आयपी पत्ताच काळ्या यादीत जाण्याचा धोका असतो. १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस ही संस्था अशा याद्या ठेवते आणि जगभरचे ईमेल सर्व्हर त्या पाहतात. बागायतदाराने काहीही चूक केली नसली तरी शेजाऱ्याची शिक्षा त्याला भोगावी लागते.

मग स्वतःचा क्लाउड सर्व्हर घेतला तर? तिथे वेगळीच अडचण. सर्व्हर एकमेकांशी ईमेलची देवाणघेवाण २५ क्रमांकाच्या पोर्टवरून करतात. स्पॅम रोखण्यासाठी ॲमेझॉन आणि गूगल यांच्या क्लाउडवर बाहेर जाणारे हे पोर्ट मुळातच अडवलेले असते. ते उघडून मिळाले तरी आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव शोधता यावे यासाठीची पीटीआर नोंद करावी लागते. ती नसेल तर जीमेलसारख्या सेवा ईमेल नाकारू शकतात.

तिसरी चूक संपर्क फॉर्ममध्ये होते. ग्राहकाने फॉर्ममध्ये आपला जीमेल किंवा याहूचा पत्ता भरला की काही संकेतस्थळे तोच पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावून मालकाला ईमेल पाठवतात. उत्तर देणे सोपे जावे हा हेतू. पण घेणाऱ्या सर्व्हरला त्यातून दिसते ते असे, की रत्नागिरीच्या संकेतस्थळाचा सर्व्हर याहूच्या नावाने ईमेल पाठवत आहे. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या नावाने इतर सर्व्हरवरून आलेले ईमेल नाकारावेत, असे जाहीर केले आहे. प्रेषक नेहमी स्वतःच्या डोमेनचा ठेवावा आणि ग्राहकाचा पत्ता ‘उत्तर यांना द्या’ या रकान्यात घालावा, हा यावरचा साधा उपाय.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क काय करतात?

ओळख पटवण्याच्या या तीन पद्धती आहेत. तिन्हींच्या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत कराव्या लागतात. ही नोंदवही फक्त डोमेनचा मालक बदलू शकतो, म्हणूनच तिथले लिखाण पुरावा म्हणून चालते.

एसपीएफ म्हणजे परवानगीची यादी. ‘आमच्या नावाने ईमेल पाठवण्याची मुभा या सर्व्हरना आहे’ असे त्यात लिहिलेले असते. घेणारा सर्व्हर लिफाफ्यावरचे डोमेन पाहतो, त्याची यादी काढतो आणि समोरचा आयपी पत्ता तीत आहे का ते तपासतो. येथे दोन चुका सर्रास होतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. नवी सेवा घेतल्यावर जुनीत भर घालण्याऐवजी दुसरी नोंद केली तर दोन्ही निकामी होतात. शिवाय, ही यादी तपासताना दहापेक्षा जास्त वेळा डीएनएसकडे विचारणा करावी लागली तर तपासणी नापास होते. कार्यालयीन ईमेल, बिलिंग, प्रचारपत्रे अशा प्रत्येकासाठी वेगळी सेवा जोडत गेले की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

डीकेआयएम म्हणजे मोहोर. याहू आणि सिस्को यांच्या स्वतंत्र प्रयत्नांतून ही पद्धत आकाराला आली आणि २००७ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध झाले. पाठवणारी यंत्रणा आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने प्रत्येक ईमेलवर डिजिटल सही करते. तिची जोडकिल्ली डीएनएसमध्ये उघड ठेवलेली असते. तिच्या आधारे सही खरी आहे का आणि वाटेत मजकूर बदलला गेला का, हे घेणारा तपासतो. ईमेल एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्याकडे वळवला तर एसपीएफ बऱ्याचदा नापास होते, कारण शेवटचा सर्व्हर यादीत नसतो. मजकूर तसाच राहिला तर सही मात्र टिकते. म्हणून दोन्ही हवेत. २०४८ बिटची किल्ली वापरणे आता रूढ आहे. ती लांबलचक असल्याने कंट्रोल पॅनेलमध्ये चिकटवताना अर्धी तुटते किंवा मध्ये मोकळी जागा शिरते. ‘सगळे केले, तरी सही नापास’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

डीमार्क या दोन्हींना वाचकाला दिसणाऱ्या नावाशी जोडते. एसपीएफ पास झाले, पण लिफाफ्यावर भलतेच डोमेन होते, तर त्याचा उपयोग काय? डीमार्कची अट अशी, की एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक पास व्हावे आणि त्यातील डोमेन प्रेषकाच्या डोमेनशी जुळावे. तसे न झाल्यास काय करावे, हेही मालकच सांगतो. ‘नन’ म्हणजे काही करू नका, फक्त कळवा. ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका. ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा. आपल्या नावाने कुठून कुठून ईमेल जात आहेत, याचे अहवालही मालकाला मागवता येतात. त्यातूनच अनेकांना विसरलेली जुनी सेवा किंवा नावाचा गैरवापर लक्षात येतो.

डीमार्कलाही मर्यादा आहे. मूळ नावाशी मिळतेजुळते दुसरेच डोमेन विकत घेऊन फसवणूक केली तर ते रोखू शकत नाही. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जाण्यास सांगितले, त्यामागचा विचार हाच. नावाचा शेवट पाहूनच बँक खरी की खोटी, हे कळावे.

२०२४ पासून काय बदलले?

या पद्धती जुन्या असल्या तरी त्या पाळणे बराच काळ ऐच्छिक होते. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू केले. जीमेलला ईमेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला आता एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक, सर्व्हरची योग्य पीटीआर नोंद आणि वाटेत मजकूर सांकेतिक ठेवणारी टीएलएस जोडणी आवश्यक आहे. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही बंधनकारक आहेत. प्रचाराच्या ईमेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोय हवी आणि तशी विनंती दोन दिवसांत अमलात यायला हवी. मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि हॉटमेल खात्यांसाठी ५ मे २०२५ पासून अशाच अटी घातल्या.

५,०००चा आकडा पाहून छोट्या व्यावसायिकाने निर्धास्त राहावे, असे मात्र नाही. तक्रारींचा निकष त्यालाही लागतो. वाचणाऱ्यांनी ‘स्पॅम म्हणून कळवा’ हे बटण दाबण्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली असावे, शक्यतो ०.१ टक्क्यांच्याही खाली, असे गूगल सांगते. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. ज्याचे दिवसाला ३०० ईमेल जातात, त्याच्याबाबत एकाच ग्राहकाने बटण दाबले तरी ही रेषा ओलांडली जाते.

स्वतःचा सर्व्हर चालवावा की सेवा घ्यावी?

ईमेल सर्व्हर स्वतः चालवता येतो, पण तो बसवण्यापेक्षा सांभाळणे अवघड. आयपी पत्त्याची पत जपणे, काळ्या याद्या पाहणे, रांग तुंबली तर मोकळी करणे हे रोजचे काम होऊन बसते. आंबे उतरवण्याच्या दिवसांत ते कोण करणार?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संकेतस्थळ एखाद्या ईमेल खात्याला जोडणे. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला साधारण ५००, तर गूगल वर्कस्पेसच्या खात्यातून २,००० जणांना ईमेल पाठवता येतात. दिवसाला दहा-वीस मागण्या असतील तर एवढे पुरते. मात्र साधे जीमेल खाते वापरल्यास प्रेषकही जीमेलचाच राहतो. व्यवसायाच्या डोमेनची पत त्यातून तयार होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे ईमेल पोहोचवण्याच्या खास सेवा. ॲमेझॉन एसईएस, पोस्टमार्क, मेलगन, सेंडग्रिड, ब्रेवो, तसेच झोहो या भारतीय कंपनीची झेप्टोमेल ही त्यातील काही नावे. संकेतस्थळ त्यांच्याकडे ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या पोर्टवरून, पासवर्ड देऊन ईमेल सोपवते. पुढची जबाबदारी त्यांची. एसईएसचा मूळ दर हजार ईमेलला अमेरिकी १० सेंट, म्हणजे दहा रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे खर्च हा मुख्य अडथळा नाही. अटी मात्र कडक आहेत. नव्या खात्याला सुरुवातीला मर्यादित मुभा असते. ईमेल परत येण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले की ॲमेझॉन खाते निरीक्षणाखाली घेते आणि दहा टक्क्यांच्या वर गेले तर पाठवणे थांबवू शकते. स्वतःच्या आयपी पत्त्यांची पत राखायची असल्याने या कंपन्या कोणालाही मोकळे रान देत नाहीत.

हंगामी व्यवसायाची अडचण वेगळी का?

ईमेल कंपन्या पाठवणाऱ्याच्या सवयी पाहतात. रोज ठरावीक प्रमाणात ईमेल पाठवणारे डोमेन त्यांच्या ओळखीचे होते. दहा महिने गप्प असलेले डोमेन एके दिवशी अचानक चार हजार ईमेल पाठवू लागले, तर ते हॅक झाल्यासारखेच दिसते. आंबा, फटाके, दिवाळी फराळ, प्रवेश प्रक्रिया, यात्रांचे आरक्षण असे हंगामी काम असणाऱ्यांना याचा फटका नेमका ऐन मोक्याच्या वेळी बसतो.

उपाय म्हणजे संख्या हळूहळू वाढवणे. हंगाम एप्रिलमध्ये असेल तर फेब्रुवारीपासून गेल्या वर्षीच्या नियमित ग्राहकांना थोडे थोडे ईमेल पाठवावेत. जे ईमेल उघडतात, उत्तर देतात, त्यांच्यापासून सुरुवात करावी. जुनी यादी आहे तशी वापरू नये, कारण बंद पडलेल्या पत्त्यांवरून ईमेल परत येतात आणि पत घसरते. आणि पत्त्यांची यादी विकत तर कधीच घेऊ नये. त्यात स्पॅम पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेले पत्ते असू शकतात; एक जरी लागला तरी डोमेन काळ्या यादीत जाण्याची शक्यता असते.

मागणीची पावती आणि जाहिरात या दोन्ही गोष्टी एकाच पत्त्यावरून पाठवणेही धोक्याचे. ‘यंदाचे दर जाहीर’ या ईमेलला कंटाळून कोणी स्पॅमचे बटण दाबले, की त्याची झळ पावत्यांना बसते. म्हणून जाहिरातीसाठी वेगळे उपडोमेन ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे झळ पूर्ण टळत नाही, पण कमी होते.

प्रत्यक्ष उभारणीचा क्रम कसा असावा?

पहिली पायरी मोजदादीची. आपल्या डोमेनच्या नावाने कोण कोण ईमेल पाठवते, याची यादी करावी : संकेतस्थळ, कार्यालयातील खाती, बिलाचे सॉफ्टवेअर, प्रचाराची सेवा. यातील एक जरी सुटले तर पुढे कडक धोरण लावल्यावर त्याचे ईमेल अडतात.

दुसरी पायरी सेवा निवडून तिने दिलेल्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी डीएनएसमध्ये करण्याची. तिसरी, संकेतस्थळाला एसएमटीपीचे प्लगइन बसवून ते या सेवेला जोडण्याची. प्रेषक म्हणून स्वतःच्या डोमेनचा, प्रत्यक्षात कोणीतरी वाचत असलेला पत्ता द्यावा. चौथी, डीमार्क ‘नन’ धोरणाने सुरू करून काही आठवडे अहवाल पाहण्याची. सगळे खरे पाठवणारे पास होत आहेत याची खात्री झाल्यावरच ‘क्वारंटाइन’ आणि मग ‘रिजेक्ट’कडे जावे. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावले तर आपलेच ईमेल अडण्याची भीती असते.

पाचवी पायरी चाचणीची. जीमेल, आउटलुक आणि याहू अशा तिन्ही ठिकाणच्या खात्यांवर खरी मागणी नोंदवून पाहावी. संगणकावर जीमेलमध्ये ईमेल उघडून मेन्यूतील ‘मूळ दाखवा’ हा पर्याय निवडला, की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्यासमोर ‘पास’ की ‘फेल’ ते दिसते. मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांना गूगलच्या पोस्टमास्टर टूल्स या मोफत सुविधेत तक्रारींचे प्रमाणही पाहता येते.

त्यानंतर देखभाल. परत आलेल्या ईमेलची नोंद आठवड्यातून एकदा पाहावी आणि बंद पत्ते यादीतून काढावेत. होस्टिंग बदलताना डीएनएसच्या नोंदी नव्या ठिकाणी आल्या आहेत का ते तपासावे. संकेतस्थळ व्यवस्थित उघडत असल्याने या नोंदी राहून गेल्याचे पटकन लक्षात येत नाही. डोमेनचे वार्षिक नूतनीकरण चुकवू नये. डोमेन आणि डीएनएसचे खाते संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर न ठेवता स्वतःच्या नावावर घ्यावे. तो फोन उचलेनासा झाला तर साधी एक ओळ बदलणेही अशक्य होते.

एवढे केल्यावर ईमेल पोहोचण्याची हमी मिळते का?

नाही. ईमेल कुठे ठेवायचा, याचा अंतिम निर्णय घेणाऱ्या कंपनीचा असतो आणि तिचे सगळे निकष जाहीर नसतात. ओळख पटली म्हणजे ईमेल चांगला ठरला असेही नाही. स्पॅम पाठवणारेही या तिन्ही नोंदी करतात. नोंदी नसतील तर ईमेल दारातच अडण्याची शक्यता मोठी. नोंदी असतील तर त्याचा विचार मजकूर आणि पूर्वीचे वर्तन पाहून होतो, एवढाच फरक.

म्हणून महत्त्वाची माहिती केवळ ईमेलवर सोडू नये. पैसे भरल्यावर मागणी क्रमांक, पेटी पोहोचण्याची तारीख आणि संपर्काचा दूरध्वनी पडद्यावरच ठळक दिसावा. ‘ईमेल न दिसल्यास स्पॅम कप्पा पाहा’ ही ओळ आणि ईमेल पुन्हा मागवण्याचे बटण तिथेच असावे. ग्राहकाने स्पॅममधून तो बाहेर काढला, तर पुढच्या वेळी मुख्य कप्प्यात येण्याची शक्यता वाढते. मागणीची स्थिती क्रमांक टाकून संकेतस्थळावर पाहता आली, तर ईमेल चुकला तरी ग्राहकाचा विश्वास टिकतो.

डीएनएसच्या नोंदी करणे, सेवा जोडणे आणि चाचणी घेणे हे जाणकाराचे एका दिवसाचे काम आहे. डोमेनची पत तयार व्हायला मात्र आठवडे लागतात. हंगाम एप्रिलमध्ये असेल तर ही तयारी मोहोर असतानाच सुरू व्हायला हवी.